वाचून केलेली सही

रणदिवे सरांनी यासीनच्या कानाखाली जाळ काढला तेव्हा मी काट्यावर रेशमाचे कोष तोलत होते. आवाज असा आला की मला वाटलं फ्लास्क फुटला. वळून बघते तर यासीनचा चष्मा बेसिनमध्ये पडलेला आणि तो गालावर हात धरून उभा.

"कपाट फोडतोस? माझं कपाट?" सर ओरडले.

"फोडलं. अजून एकदा फोडीन," यासीन म्हणाला. "माझं पान कुठाय सर?"

शनिवार होता, दुपारचे अडीच वाजलेले. अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की आमचं संशोधन केंद्र ओस पडायचं. ते केंद्र पुढं बंद झालं, त्यामुळं नाव घेत नाही. मी वैजयंता सूर्यवंशी, आणि हा यासीन शिकलगार. दोघं रणदिवे सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. चार वर्षं एकाच ओट्याच्या दोन टोकांना उभं राहून आमची भांडणंही झाली होती आणि डबेही एकत्र खाल्ले होते. माझं डोकं जरा गरम. घरी मला लवंगी मिरची म्हणायचे. यासीन मात्र थंड. चार वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

आम्ही डिंक करत होतो. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण आम्ही डिंकच म्हणायचो. रेशमाच्या कोषातलं प्रथिन काढायचं, आमच्याच लॅबमध्ये बनवलेल्या पॉलिमरबरोबर जोडायचं, आणि भाजलेल्या कातडीवर लावायचं. जखम मिटली पाहिजे, टाका नको. दोन्हींची जोडणी ग्लुटारल्डिहाइडनं होते. चामडं कमावायलाही तेच वापरतात, एवढं सांगितलं म्हणजे ते जिवंत मांसाचं काय करत असेल ते कळेल. म्हणून जोडणी झाली की डिंक पातळ पिशवीत भरून सहा दिवस पाण्यात ठेवायचा, रोज पाणी बदलायचं, आणि शेवटी आत किती ग्लुटारल्डिहाइड उरलंय ते तपासायचं. पाचाच्या खाली आकडा आला तर माणसाला चालेल. वर गेला तर नाही.

आणि सोमवारी डिंक पहिल्यांदा माणसाला लागणार होता. माणूस म्हणजे आमच्या लॅबचे शिपाई दत्तूमामा सुतार, त्यांची मुलगी रंजना. सव्वीस वर्षांची पोर. स्टोव्ह भडकून उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. तिचा हात बांधलेला म्हणून संमतीचा कागद मामांकडं आला, तेव्हा त्यांनी तो उलटासुद्धा केला नाही. "सर हाईत की, वाचायचं काय त्यात," म्हणाले आणि दाखवतील तिथं सह्या केल्या.

हसू नका. आम्ही शिकलेले तरी काय वेगळं करत होतो? वहीचा नियम होता. प्रत्येक पानाखाली दोन सह्या, एक प्रयोग करणाऱ्याची, दुसरी साक्षीदाराची. साक्षीदाराच्या सहीवर शिक्का असायचा: 'प्रयोग माझ्यासमोर झाला. वाचला व समजला.' उद्या पेटंटचं भांडण कोर्टात गेलं तर ती वही पुरावा, म्हणून हा नियम. आम्ही काय करायचो? शनिवारी सगळ्या वह्यांची चळत मांडायची, मधे भडंगाचं ताट, मामांचा चहा, आणि घड्याळ लावून सह्या. सात मिनिटांत चाळीस पानं हा माझा विक्रम होता. यासीन म्हणायचा, "वैजू, तू तलाठी व्हायला पाहिजे होतीस."

"कसलं पान?" सर आता म्हणाले.

"नऊ तारखेचं. मी डिंक तपासला, चाळीस आले. पाच नाही, चाळीस! तुम्ही दोन दिवसांतच पिशवी पाण्यातून काढलीत म्हणून आले. माझ्या वहीतलं ते पान फाडलंय. आणि तुमच्या कपाटातल्या वहीत हे आहे." त्यानं मोठी वही ओट्यावर आपटली आणि माझ्याकडं सरकवली. "वाच वैजू. आज तरी वाच."

मी वाचलं. अकरा तारीख. सरांचं सुंदर अक्षर. 'पुन्हा तपासणी केली. उरलेलं ग्लुटारल्डिहाइड: चार.' खाली सरांची सही, त्याखाली शिक्का, आणि शिक्क्यावर माझी सही. शेपटीला दोन ठिपके देते मी, तेही होते.

"अकराला तू कुठं होतीस?" यासीननं विचारलं.

अकराला मी जयसिंगपुरात होते, मामेबहिणीच्या हळदीत. बाराला पिवळे हात घेऊन लॅबला आले तेव्हा यासीननंच चिडवलं होतं की बाई, हात काळे करणारं सिल्व्हर नायट्रेट सोडून हळद कधी सांडलीस.

"वैजयंता," सर एकदम मऊ आवाजात म्हणाले, "सांग की याला. तू होतीस ना माझ्याबरोबर?"

माझा प्रबंध बांधून तयार होता. सरांच्याच टेबलावर पडलेला, वरच्या पानावर त्यांची सही तेवढी बाकी. तीस तारीख शेवटची. आई-अण्णांनी गावभर सांगून ठेवलं होतं की आमची वैजू डॉक्टर होणार, पण सुई टोचणारी नव्हे. हे सगळं माझ्या डोक्यातून किती वेळात गेलं असेल? सहीला लागतो तेवढ्याच वेळात.

"होते," मी म्हणाले.

यासीन माझ्याकडं बघत राहिला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे अगदी लहान पोरासारखे दिसायचे.

"रंजनाच्या हातावर जाणार आहे ते," तो म्हणाला. "मामांच्या पोरीच्या. तुला कळतंय का तू काय बोललीस?"

कळत होतं. पण मी स्वतःला समजावून ठेवलं होतं की सरांनी तपासलं असेलच, एवढा मोठा माणूस, माझी सही तेवढी पोकळ. माणूस स्वतःला काय काय समजावतो हो! यासीननं वही छातीशी धरली आणि दाराकडं निघाला. "मी हॉस्पिटलात चाललो. मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवतो."

सरांनी स्टँडचा लोखंडी दांडा उपसला. मी ओरडेपर्यंत पहिला फटका यासीनच्या खांद्यावर बसला होता. हाड वाजलं. तो वळला, तेव्हा दुसरा डोक्यावर. रक्त कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात आलं. तरी त्यानं वही सोडली नाही. सर तिसऱ्यांदा दांडा उगारत होते, हा पन्नाशीचा, भाषणात ज्ञानाची ज्योत वगैरे म्हणणारा माणूस, आणि त्यांच्या तोंडाला फेस आला होता. यासीन खाली वाकला आणि डोकं पुढं करून बैलासारखा त्यांच्या पोटात घुसला. दोघं मागं गेले. मागं धूर ओढणारं काचेचं कपाट होतं. सरांचा डावा हात कोपरापर्यंत त्या काचेतून आरपार गेला.

काच पडायची थांबली तेव्हा सर कपाटाच्या बुडाशी बसले होते आणि त्यांच्या हातातून रक्त उडत होतं. सांडत नव्हतं, उडत होतं. यासीन भिंतीला टेकून घसरला, वही मांडीवर, डोकं छातीवर.

"हाताला धर! अगं बघत काय बसलीस!" सर किंचाळले.

मी फ्रिजकडं धावले. सोमवारसाठी भरलेली डिंकाची सिरिंज तिथं होती. खरं सांगते, त्या घाणीत, त्या रक्तात, क्षणभर मला अभिमान वाटला. चार वर्षं ज्या गोष्टीसाठी घातली ती आता कुणाचातरी जीव वाचवणार होती, आणि तो कुणी म्हणजे आमचे सरच. मी गुडघ्यावर बसले, त्यांचा हात ओढला, सिरिंजचं टोपण दातानं काढलं.

"नको!" सर ओरडले. "ते नको! दूर कर ते!"

"सर, रक्त थांबेल."

"नको म्हटलं ना! फडकं बांध, काहीही बांध, ते लावू नकोस!" आणि त्यांनी मला लाथ मारली. छातीत बसली. मी मागं पडले, पण सिरिंज हातात धरूनच.

नळाचं पाणी बेसिनमधल्या चष्म्यावर पडत होतं तेवढाच आवाज.

"का सर?" मी विचारलं. "चारच आहे की."

सरांचं तोंड उघडं होतं आणि डोळे सिरिंजच्या टोकावर होते. बास. मला वही वाचायची गरज उरली नाही.

दारात दत्तूमामा उभे होते. एका हातात चहाची किटली, दुसऱ्यात भडंगाची पुडी. शनिवारच्या सह्यांची वेळ झाली म्हणून नेहमीसारखे आले होते. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी आधी यासीनकडं बघितलं, मग सरांकडं, मग माझ्या हातातल्या सिरिंजकडं.

"सर," मामा म्हणाले, "माझ्या पोरीला चालतंय नव्हं ते?"

"मामा, ही पोरगी वेडी झालीय. आधी बाहेर जा, माणसं बोलवा!"

मामांनी किटली हळूच खाली ठेवली. दाराकडं वळले. आणि आतून कडी घातली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजही ती आठवली की कान गरम होतात. मघाशी खोटं बोलले होते त्याची लाज, छातीतली ती लाथ, चार वर्षं, सगळं एकदम पेटलं. मी सरांच्या छातीवर गुडघा रोवला, फुटक्या काचेवर, माझ्याही गुडघ्यात काच गेली ती नंतर कळली. मोठी वही यासीनच्या मांडीवरून ओढली आणि त्यांच्या उजव्या हाताखाली टाकली.

"लिहा."

"वैजयंता, मी मरेन—"

"लिहा! नाहीतर हे आत सोडते. चार असेल तर काय होणार नाही तुम्हाला. चाळीस असेल तर तुम्हालाच माहीत काय होतं ते!"

त्यांनी लिहिलं. पेन घसरत होतं, रक्त पानावर ठिबकत होतं. 'चार खोटं आहे. चाळीस आले होते. पान मी फाडलं.' खाली सही. नेहमीची झोकदार सही नव्हे, पण सहीच.

"वैजू," भिंतीकडून यासीन म्हणाला. आवाज पार खोल गेला होता. "बास. सोड त्याला."

मी मामांकडं बघितलं. मामा दाराला पाठ लावून उभे होते आणि माझ्याकडंच बघत होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

नंतर मामांनीच आपल्या खांद्यावरचा टॉवेल फाडून सरांच्या दंडाला आवळून बांधला, आणि दुसरा तुकडा यासीनच्या डोक्याला. कडी काढली, खाली जाऊन दोन रिक्षा आणल्या. एकीत सर आणि मामा, दुसरीत यासीन आणि मी. यासीन माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसला होता आणि वाटेत एकदाच बोलला. "होते म्हणालीस."

सोमवारी चौकशी समिती बसली. डिंक लावायचं बुधवारवर गेलं होतं, रद्द झालं नव्हतं. मामा हॉस्पिटलात नको म्हणून सांगायला गेले, तर सही झालीय म्हणून त्यांना वाटेला लावलं होतं. हॉस्पिटलचं म्हणणं, वहीत चार आहे, साक्षीदाराची सही आहे, मारामारी तुमच्या घरची, आम्हाला काय त्याचं? सर हात गळ्यात अडकवून आले होते, चौदा टाके. त्यांनी स्वच्छ सांगितलं की यासीननं चोरी केली, हल्ला केला, आणि या मुलीनं माझ्या छातीवर बसून लिहून घेतलं. चोर तो चोर वर शिरजोर, पण त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं.

समितीत कायद्याच्या प्राध्यापक बिडकरबाई होत्या. बारीक अंगाच्या, पांढरे केस, पेन्सिलनं टेबलावर टकटक करायची सवय. रक्ताचे डाग पडलेलं पान त्यांनी नाकाजवळ धरून वाचलं आणि मला परत दिलं.

"हे शून्य आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, त्यांच्या हातचं आहे!"

"धाक दाखवून घेतलंस ना? मग शून्य. उलट उद्या यांनी फिर्याद दिली तर हे तुझ्याच गळ्यात येईल. शिकलगारचं पान?"

"फाडलंय. जाळलं असेल."

"पुन्हा तपासून बघा की डिंक."

"सिरिंज फुटली त्या दिवशी," सर पटकन म्हणाले. "उरलेला साठा हॉस्पिटलात सीलबंद आहे. आमच्या मारामारीसाठी ते सील तोडणार नाहीत."

बिडकरबाईंची पेन्सिल थांबली. "मग मुली, तुझ्याकडं दुसरं काय आहे? बुधवारी त्या बाईच्या हातावर हे लागायचं नसेल, तर मला आज काहीतरी हातात दे."

मामा कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते.

"माझी सही आहे," मी म्हणाले.

"ती तर यांच्या बाजूनं आहे."

"खोटी आहे बाई. अकराला मी जयसिंगपुरात हळदीला होते. शंभर माणसांनी बघितलंय, फोटो आहेत. प्रयोग माझ्यासमोर झाला नाही. मी वाचलंसुद्धा नाही. चार वर्षांत एकही पान मी वाचून सही केलेलं नाही."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "याचा अर्थ तुला कळतो? तुझ्या स्वतःच्या प्रबंधातली पानंही अशीच असतील. तोही जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले, आणि ढसाढसा रडले. लाज वाटण्याइतकी रडले. नाक पुसायला पदर पुरेना.

त्या दुपारीच हॉस्पिटलला पत्र गेलं. साक्षीदार खोटा ठरला म्हणजे पान खोटं, आणि पान खोटं म्हणजे परवानगी रद्द. रंजनाला मांडीची कातडी काढून हातावर लावली, जुनी पद्धत, ढीगभर टाके. आज ती शिलाई मशीन चालवते. माझी नोंदणी रद्द झाली. मी गेली सतरा वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि पोरांचं एकेक जर्नल इतकं वाचते की पोरं मागं शिव्या घालतात. यासीनला वर्षभर बाहेर काढलं, पुढं त्यानं दुसरीकडं पदवी पुरी केली. आमचं बोलणं आहे. त्या "होते"बद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही, आणि मीही नाही.

पण एक राहिलं.

माझा जबाब कारकून लिहून घेत होता तेव्हा बिडकरबाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. "ती सिरिंज. ते रसायन तू यांच्या जखमेत सोडलंस का?"

मी सोडलं होतं. पान लिहून झाल्यावर. सही झाल्यावर. यासीन बास म्हणाल्यावर. मामांकडं बघितलं, आणि त्यांच्याकडं बघता बघता दट्ट्या दाबला. मग सिरिंज भिंतीवर आपटून फोडली. सर असे ओरडले होते की आजही कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पुढं कधीच सरळ झाली नाहीत.

माझ्या आधी सरच बोलले. "नाही," ते म्हणाले. "तिनं लावलं नाही."

का नाही म्हणाले ते मला तिथल्या तिथं कळलं. लावलं म्हणाले असते तर बिडकरबाईंनी टाके उघडून जखम बघितली असती, आणि जखमेनं सगळ्यांसमोर चाळीस सांगितलं असतं. यासीनला हॉस्पिटलच्या खाटेवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, मला काही दिसलं नाही."

कारकुनानं ओळ लिहिली. 'सदर रसायन कोणीही जखमेवर लावले नाही.' मी खाली सही केली. मग कागद साक्षीदाराच्या सहीसाठी मामांपुढं ठेवला आणि कारकुनानं बोट दाखवलं. "इथं करा मामा."

"थांबा," मामा म्हणाले. "वाचतो."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला आणि वाचायला लागले. बोट ठेवून, एकेक अक्षर, ओठ हलवत. चार पानं होती. कारकून घड्याळ बघत होता, बिडकरबाईंनी त्याला खुणेनं गप्प केलं. शेवटच्या पानावर, त्या ओळीवर मामांचं बोट थांबलं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. वर मान केली, सरांच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले, आणि सही केली.